युद्ध लागलं की उठव

नाटकात झोप लागली म्हणजे नाटक पडलं, हे मी कॉलेजात गेल्यावर ऐकलं. दशावताराला, म्हणजे तळकोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याला, तर कुठल्याही घटकेला निम्मा मंडप आडवा असतो, आणि तरी सकाळी चहाच्या टपरीवर तीच माणसं कालचा राजा कसा होता आणि स्त्रीपार्टी (बाईचं काम करणारा पुरुष) कशी होती, यावर हमरीतुमरीवर आलेली असतात.

कुडाळात शिकत होतो तेव्हा कार्तिक सरता सरता आमचं खरं वेळापत्रक सुरू व्हायचं. आज या गावचा दहीकालो, म्हणजे देवळाची जत्रा, उद्या पलीकडच्या. तिकीट नाही, त्यामुळे विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारं नाटक हेच. खर्च काय तो आल्याच्या खाज्याचा आणि चहाचा. पालखी देवळाभोवती फिरून आत जाईपर्यंत मध्यरात्र उलटायची, मग कुठे गणपती यायचा. त्याच्यामागून काळ्या वेशातला संकासूर. देव आणि भटजी शुद्ध मराठीत बोलतात, संकासूर मात्र मालवणीत, आणि वेद चोरणारा हा राक्षस भटजीची अशी टर उडवतो की विष्णूने त्याला मारलेलं पोरांना मुळीच आवडत नाही. मलाही आवडायचं नाही.

तो मेला की मुख्य आख्यान, आणि आजूबाजूची गोणपाटं अंथरायला सुरुवात. एका जत्रेत शेजारच्या आजींनी डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि मला बजावलं, "झिला, युद्ध लागला काय माका उठय हां." मी "होय आजी" म्हटलं. पुढे पल्लेदार संवाद झाले, पदं झाली, नारद येऊन काड्या टाकून गेला. मृदंगावरचा हात बदलला, झांज चढली, आणि मी वळून बघतो तर आजी उठून बसलेल्या, पदर नीट करत. मला उठवायला सांगितलं होतं ते बहुधा शिष्टाचार म्हणून. त्यांचे कान रात्रभर नाटकातच होते.

हे जमतं, कारण गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. अभिमन्यू मरणार, हे कळायला जागं राहावं लागत नाही. बघायचं असतं ते आज हा नट काय बोलतो. दशावताराला लिहिलेली संहिता नाही. मंडळी गावात उतरली की आख्यान ठरतं, कोण कोण काय करणार ते वाटून दिलं जातं आणि बाकीचं ज्याचं त्याने उभं करायचं. एकदा देवळाच्या मागच्या पडवीत डोकावलो होतो. पेटाऱ्याच्या झाकणाला आरसा टेकवून प्रत्येक जण स्वतःचा चेहरा स्वतः रंगवत होता. हातभर बांगड्या चढवलेली द्रौपदी विडी ओढत युधिष्ठिराला म्हणत होती, "पहिल्या प्रवेशात माका जास्त अडवू नको, आज घसो बसलो हा." तालीम म्हणाल तर एवढीच. मग बाहेर गेला आणि त्याच बसलेल्या घशाने असा काही विलाप केला, की ती युक्तीच वाटावी.

बाहेर नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडं. बसलं की सिंहासन, वर चढलं की डोंगर, भोवती एक फेरी मारली की हस्तिनापूर ते द्वारका प्रवास पूर्ण. प्रायोगिक नाटकवाल्यांच्या तोंडून 'रिकाम्या रंगमंचाची ताकद' वगैरे ऐकलं की मला हे बाकडं आठवतं. अर्थात त्यांच्यावर राग नाही. कणकवलीला आचरेकर प्रतिष्ठानच्या नाट्यमहोत्सवाला आम्ही जायचो, तिथली नाटकं डोक्यात भुंगा सोडायची, शेवटची एसटी चुकली तरी वाईट वाटायचं नाही. पण तिथे खोकला आला तर गिळावा लागायचा. सगळे सरळ बसून एकाच दिशेने बघणारे. नंतर चर्चेत कळायचं, की त्यातल्या बऱ्याच जणांनी उघड्या डोळ्यांनी झोप काढलेली आहे. त्यापेक्षा आमच्या आजी बऱ्या.

आता ट्रिकसीन आले आहेत. धूर, रंगीत दिवे, खोटा नाग, फाटणारी जमीन. त्याला गर्दी होते, मंडळींचं पोट चालतं, त्यामुळे नाक मुरडायचा मला अधिकार नाही. तरी मुरडतो. ट्रिकसीनच्या वेळी सगळा मंडप जागा असतो, मोबाइल वर असतात, आणि ते संपलं की माणसं उठून आकाशपाळण्याकडे जातात. संवाद ऐकत झोपणारा प्रेक्षक नटाला हवा असतो. निघून जाणाऱ्यापुढे बोलायचं काय?

कधी बघायला गेलात तर समोर मधोमध बसू नका. पायपेटीच्या, म्हणजे पायाने भाता चालवायच्या हार्मोनियमच्या, बाजूला जागा धरा. बोलता बोलता नट शेवटचा शब्द जरा उंच लांबवतो आणि पेटीवाला तोच सूर पकडून पद उचलतो. आधी काहीही ठरलेलं नसतं. कधी पेटीवाला भलताच सूर देतो, तेव्हा राजा सिंहासनावरून त्याच्याकडे जो कटाक्ष टाकतो, तो फक्त त्या बाजूने दिसतो.