काळविटाचा दर

इथे टेक्सासमध्ये, केरव्हिलच्या पुढे एका सहकाऱ्याच्या मामांचे रँच आहे. नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी त्यांनी आम्हाला सहकुटुंब जेवायला बोलावले होते. फाटकाजवळच्या खोलीत हात धुवायला गेलो, तर भिंतीवर खाणावळीत असतो तसा छापील दरफलक लावलेला दिसला. त्यात रानडुक्कर होते, मेंढ्यांच्या दोन जाती होत्या, आणि चौथ्या ओळीत काळवीट होते: नर, अडीच हजार डॉलर, एक मुक्काम आणि दोन वेळचे जेवण धरून. मुंडके पेंढा भरून हवे असल्यास त्याचे पैसे निराळे. ज्याचे बालपण नान्नज-मार्डीच्या पट्ट्यात, शेतात मोकळे चरणारे काळवीट पाहत गेले आहे, त्याला ही ओळ वाचून काय वाटले असेल, हे सोलापूरच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.

टेक्सासमध्ये काळवीट 1930 च्या दशकात आणले गेले, तेही शिकारीसाठीच. इथल्या ओक आणि जुनिपरच्या खडकाळ माळावर ते असे रुळले की आज त्यांची संख्या हजारोंत आहे. बाहेरून आणलेला प्राणी म्हणून राज्याचे हरणांविषयीचे नियम त्याला लागू नाहीत. ज्याच्या कुंपणात तो आहे त्याची ती मालमत्ता, शेळ्यामेंढ्यांसारखी. शिकाऱ्याकडे परवाना असला की पुरे. हंगामाची अट नाही आणि किती मारावेत याला मर्यादा नाही. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेला हा प्राणी इथे भिंतीवरच्या चौथ्या ओळीत बसला आहे.

मामा (मीही त्यांना मनातल्या मनात मामाच म्हणत होतो) वाद घालणारे गृहस्थ नव्हते, आणि त्यामुळेच मला उत्तर देणे जड गेले. त्यांचे म्हणणे असे की या राज्यातली जवळजवळ 95 टक्के जमीन खासगी आहे. प्राण्यापासून उत्पन्न नसेल तर उद्या या माळावर घरांचे प्लॉट पडतील, आणि मग शिकारही राहणार नाही नि प्राणीही. अमेरिकेच्या 1937 च्या कायद्याने लांब नळीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर 11 टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो, म्हणजे जंगलात केवळ छायाचित्रे काढायला येणाऱ्यांपेक्षा शिकारीच अधिक देतात. शेवटी त्यांनी जे सांगितले ते मला ठाऊकच नव्हते. पाकिस्तानात रानातले काळवीट संपले होते, तेव्हा बहावलपूरजवळच्या लाल सुहांरा उद्यानात 1970 च्या सुमारास जी जनावरे नेली, ती टेक्सासमधून नेली होती. आपल्या उपखंडाचे हरीण आपल्याच उपखंडात परत न्यायला अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचा माळ कामी यावा, हे ऐकून मी ताटातला पाव उगाचच मोडत बसलो.

मात्र जेवणानंतर त्यांनी जे यंत्र दाखवले, ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. तीन पायांवर उभे केलेले पत्र्याचे पिंप, त्यात भरलेला मका, बुडाशी फिरती चकती आणि तिला जोडलेले घड्याळ. रोज सकाळी ठरल्या वेळी आणि पुन्हा सूर्य मावळायच्या आधी चकती काही सेकंद गरगरते आणि मका चहूकडे उधळला जातो. आम्ही पाहत होतो त्या संध्याकाळी चकतीचा आवाज होण्यापूर्वीच पाच-सहा माद्या आणि एक पूर्ण काळा झालेला नर झाडीतून येऊन उभे राहिले होते, गिरणीसमोर दळण घेऊन उभे राहावे तसे. शंभरेक पावलांवर शिकाऱ्याने बसायची लाकडी खोली, तिला सरकती खिडकी आणि आत गादीची खुर्ची. मी मामांना विचारले की मग यात शिकार कुठे आहे. ते म्हणाले, नेम चुकला तर जनावर तळमळते, म्हणून ते जवळ आणि स्थिर असलेले बरे. हे उत्तर दयेचे होते, हे मला मान्य आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शाळूच्या रानातले मचाण होते. ज्वारी हुरड्यात आली की आप्पा घोंगडे, बॅटरी आणि गोफण घेऊन रात्ररात्र तिथे बसत, डबा वाजवत आणि हाकारे घालत, कारण वीस-तीस काळविटांचा कळप एका रात्रीत अर्धा एकर खाऊन आणि तुडवून मोकळा होतो. आम्ही धान्य वाचवण्यासाठी हरीण हाकलत आलो, आणि इथले लोक हरीण मारण्यासाठी धान्य उधळतात. त्या पिंपाचा मला इतका राग का आला, याचा मी परतीच्या दोन तासांत पुष्कळ विचार केला. माझा समज असा आहे की राग मारण्याचा नव्हता, मक्याचा होता.

मामांनी विचारले, तुमच्याकडे किती उरले आहेत? मी मोठ्या ऐटीत सांगितले की आमच्याकडे ते कुंपणाबाहेर आहेत, कोणीही पैसे न देता आहेत, आणि आमच्या शेतातच चरतात. हे खरे आहे. पण माळढोकाचे नाव मी काढले नाही. ज्या पक्ष्यासाठी 1979 साली नान्नजचे अभयारण्य झाले, ज्याची हद्द कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होती आणि पुढे पुष्कळ आखडली, त्या पक्ष्याला शिकारबंदी पूर्ण असूनही आपण आपल्या माळावर टिकवू शकलो नाही. बंदुकीला बंदी घालता येते. माळ नांगरला जातो, विजेच्या तारा येतात, ऊस येतो, त्याला काय करायचे? पाहुण्याच्या घरी आपल्या घरचे उणे सांगू नये, अशी मी तेव्हा स्वतःची समजूत घातली.

आणखी एक गोष्ट मी तिथे बोललो नाही, कारण ती त्यांना समजावून सांगायला पारधी कोण, इथून सुरुवात करावी लागली असती. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवत, त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणवले जात, आणि त्याला राजेशाही छंद म्हणत. त्याच काळात फासे लावून तितर-ससे धरणारा फासेपारधी जन्मतःच गुन्हेगार ठरला होता. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात कोंडलेल्या वस्तीचे सेटलमेंट हे नाव अजून आपल्या तोंडी आहे. अडीच हजार डॉलर देणारा संवर्धक आणि पोटासाठी फासा लावणारा गुन्हेगार, हा हिशेब जिथे जाईन तिथे मला सारखाच दिसतो. शिकारीच्या नीतीची चर्चा करणाऱ्यांनी आधी शिकार कोणाला परवडते ते पाहावे.

तरीही मामांचे म्हणणे मला खोडून काढता येत नाही. आफ्रिकेतल्या बाकदार शिंगांच्या ओरिक्सला 2000 साली रानातून नामशेष घोषित केले, तेव्हा टेक्सासच्या रँचवर तो हजारोंनी होता. 2012 साली त्याच्या शिकारीला केंद्राचा वेगळा परवाना सक्तीचा झाला, तर अनेकांनी कळपच विकून टाकले, आणि 2014 मध्ये ती सक्ती काढावी लागली. पण चाडच्या वाळवंटात 2016 पासून जे ओरिक्स सोडले, ते अबुधाबीत जोपासलेल्या कळपातले होते. प्राणी जिवंत ठेवणे आणि त्याला त्याचे रान परत देणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दरफलकावर पहिल्याच कामाचे पैसे मिळतात.

त्या रात्री ताटात हरणाचे सॉसेज होते आणि मी ते खाल्ले. काळविटाचे नव्हते, इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे होते, असे मी बायकोला गाडीत दोनदा सांगितले. दुकानातून आपण जी कोंबडी आणतो, तिला त्या हरणाएवढेही मोकळे आयुष्य मिळालेले नसते, हेही सांगितले. ती म्हणाली, मी काही विचारलेच नव्हते.

रविवारी आप्पांना फोन केला. आता ते अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि राखणीला अजून स्वतःच जातात. गडी मिळत नाही. मी पैसे पाठवतो, पण पैशाला गोफण मारता येत नाही. गेल्या वर्षीच्या नुकसानीचा अर्ज, पंचनामा आणि त्यानंतरचे हेलपाटे यांविषयी ते आता बोलतही नाहीत. मी त्यांना दर सांगितला. त्यांनी रुपये किती होतात ते विचारले, आणि दोन लाखांच्या वर, हे ऐकून थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटले, आता हळहळतील, नाहीतर संतापतील.

"आरं, त्यांचं कुंपण किती फुटी हाय?"

आठ फूट, मी म्हणालो.

"उंचीचं काय करायचंय? काळवीट वरनं उडी मारंना, खालनं घुसतंय. पुन्हा गेलास तर जाळी बुडाला किती पुरलीय, तेवढं बघून सांग."