तो निरागस आवाज कव्हरमध्ये कुठे गेला?

आज प्रतापनगरला ताईकडे गेलो होतो. भाची मोबाईलवर 'एक अनेक और एकता' या मुलांच्या जुन्या ॲनिमेशन फिल्ममधल्या गाण्याचं नवं कव्हर, म्हणजे दुसऱ्या कुणी नव्यानं गायलेलं रूप, ऐकत होती. धडधड बीट आणि गुळगुळीत केलेला आवाज. मग मी तिला मूळ फिल्म लावून दिली. सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची, १९७४ची. विजया मुळे यांचं दिग्दर्शन, भीमसेन यांचं ॲनिमेशन, वसंत देसाईंचं संगीत, आणि गाणारी चिमुकली साधना सरगम!

भाची एकदम गप्प झाली. कारण त्यात आधी प्रश्न आहे. अनेक म्हणजे काय, हे लहानगा ताईला विचारतो. ती व्याख्या सांगत नाही, सूर्य एकच आणि तारे अनेक असं दाखवते. मग पाखरं सगळी मिळून जाळं घेऊन उडतात आणि उंदीर ते कुरतडतात. कुणी शिकवतंय असं वाटतच नाही, आणि तरी सगळं समजतं.

कव्हरवाले नेमकं हेच बोलणं कापतात. उरते ती फक्त चाल. वाद्यं बदला, हरकत नाही, प्रत्येक पिढीला आपला ठेका हवाच. पण लेकराच्या आवाजातली ती किंचित अडखळ पुसून काढू नका ना! माझ्यासाठी सगळा जीव तिथंच आहे. (वसंत देसाईंना हे नक्की ठाऊक असणार, त्यांनी वाद्यं किती कमी ठेवलीत बघा.)

नागपूरकरांनो, पोरांना आधी मूळ फिल्म दाखवा बापा. सात-आठ मिनिटांचीच आहे. कव्हर नंतर ऐकू द्या.