आमची वाटचाल: खडू, चिठ्ठ्या आणि बटाटे

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत २००९ साली एका भाड्याच्या शेडमध्ये आम्ही काम सुरू केले, तेव्हा आमच्याकडे एक वेल्डिंग मशीन, दोन ग्राइंडर, पत्रा वाकवण्याचे एक हातयंत्र आणि माझ्यासह चार माणसे होती. सुरुवातीची दोन वर्षे ट्रॉलीची दुरुस्ती, गेट आणि ग्रिल यांवरच गेली. त्या काळात आमच्या भागातील शेतकरी हळद उघड्या काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत, शिजवण्याची जुनी पद्धत सोडून वाफेच्या कुकरकडे वळू लागले होते. काहिलीपेक्षा कुकरला पाणी आणि जळण कमी लागते, वेळही वाचतो, हे त्यांना पटत होते. आम्हीही कुकर बनवायला घेतले आणि पुढे हळद पॉलिश करण्याचे ड्रमही बनवू लागलो. आज आम्ही चौदा जण आहोत. या प्रवासात यंत्रसामग्री वाढली, जागा स्वतःची झाली. परंतु मला लिहायचे आहे ते एकत्र बसून विचार करण्याच्या आमच्या पद्धतीबद्दल, कारण आमच्या कुकरमध्ये आज जे काही वेगळे आहे, ते त्या पद्धतीतून आलेले आहे.

कुकरची रचना वरवर पाहता साधी असते. भट्टीवर पाण्याची टाकी, टाकीतून निघणारी वाफ पाइपने ड्रममध्ये, आणि ड्रम आडव्या आसावर बसवलेला, म्हणजे शिजलेली हळद तो कलता करून ओतता येते. अडचण शिजण्याच्या प्रमाणात आहे. हळद जास्त शिजली तर तिचा रंग बिघडतो, कमी शिजली तर वाळल्यावर हळकुंड ठिसूळ होते. आमच्या पहिल्या कुकरमध्ये वाफ तळातून येत असे, त्यामुळे तळची हळद गाळ होईपर्यंत वरची कच्ची राहत असे. २०१४ च्या हंगामात एका शेतकऱ्याने आमचा कुकर परत आणून दारात ठेवला. ते रागावले नव्हते. त्यांनी मोडलेली हळकुंडे एका पिशवीत आणली होती आणि ती टेबलावर ओतून ते एवढेच म्हणाले, “बाजारात याला काय भाव येणार, तुम्हीच सांगा.” आम्ही त्यांचे पैसे परत केले. ती पिशवी मात्र मी ठेवून घेतली.

त्यानंतर मी सर्वांना एकत्र बसवून उपाय विचारायचे ठरवले. ही बैठक सपशेल फसली. मीच आधी बराच वेळ बोललो, मग आमचे सर्वांत जुने वेल्डर बोलले, आणि त्यांनी एकदा मत दिल्यावर त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांपैकी कोणीही वेगळे बोलण्याची शक्यता उरली नाही. वडीलधाऱ्यांच्या पुढे तोंड न उघडण्याची आपल्याकडची रीत चांगल्या संस्कारातून आलेली आहे, पण अशा बैठकीत तिची किंमत मोजावी लागते. तासाभराने आमच्या हाती जे उपाय होते, ते मला आधीपासून माहीत असलेलेच होते.

पुढे उद्योजकांसाठीच्या एका प्रशिक्षण वर्गात मला कळले की, हा अनुभव आमच्या एकट्याचा नाही. गटाने मोकळेपणाने कल्पना सुचवाव्यात आणि त्या सुचत असताना कोणीही टीका करू नये, ही विचारमंथनाची पद्धत अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी १९४० आणि १९५० च्या दशकांत लोकप्रिय केली. परंतु १९५८ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या प्रयोगात असे दिसले की, चार जणांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पनांपेक्षा, चार जणांनी स्वतंत्रपणे विचार करून नंतर एकत्र केलेल्या कल्पना संख्येने अधिक भरतात. पुढच्या संशोधनातून त्याचे एक मोठे कारण पुढे आले: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते आणि थांबता थांबता त्यांच्या मनातली कल्पना विरून जाते. म्हणून आधी प्रत्येकाने गप्प बसून लिहावे आणि बोलणे नंतर करावे, हा उपाय. जर्मनीत १९६० च्या दशकाच्या अखेरीस बेर्न्ड रोरबाख यांनी त्याला नेमके रूप दिले. सहा माणसे, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटे. मग कागद शेजाऱ्याकडे द्यायचा, त्याने आधीचे वाचून त्यात भर घालायची. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ नोंदी होतात.

आम्ही हे जसेच्या तसे करून पाहिले आणि अडलो. “मालक, चिठ्ठीवर लिवायचं म्हंजे शाळंत बसल्यागत वाटतंय,” असे एका हेल्परने मला बाजूला घेऊन सांगितले आणि ते खरे होते. ज्या माणसाचा हात दिवसभर वेल्डिंग रॉडवर असतो, त्याला पेन धरून वाक्य लिहायला लावणे म्हणजे त्याची बुद्धी सोडून त्याचे अक्षर तपासण्यासारखे आहे. तेव्हा आमच्या फिटर मामांनी सुचवले की, शेडमध्ये आपण माप आखतो तसेच कापून उरलेल्या पत्र्याच्या तुकड्यांवर खडूने चित्र काढू. मला तो दिवस आमच्या वाटचालीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाच जण, प्रत्येकी दोन कल्पना, सात मिनिटे, आणि मग पत्रा पुढच्याकडे, असा आमचा स्वतःचा नियम ठरला. पत्र्यावर नाव घालायचे नाही, हाही नियम त्याच दिवशी झाला. मी त्या पाचांत बसलो नाही. प्रश्न सांगून बाहेर गेलो आणि अजूनही तसेच करतो.

प्रश्न कसा मांडायचा, हेही शिकावे लागले. “कुकर सुधारा” असे म्हटले की काहीच सुचत नाही. “वरच्या आणि खालच्या थरातली हळद एकाच वेळी कशी शिजेल?” असे विचारले तेव्हा पत्रे भरू लागले. एका पत्र्यावर इडलीपात्र होते, म्हणजे थरांमध्ये भोके पाडलेल्या ताटल्या घालायच्या. तो पत्रा पुढे गेल्यावर कोणीतरी त्याच्या खाली ड्रमच्या मधोमध उभा पाइप काढून त्याला भोके दाखवली, कारण ताटल्या असल्या तर ड्रम कलता करून हळद ओतता येणार नाही. तिसऱ्याने त्या पाइपशेजारी ठिबक सिंचनाची नळी काढली. घरी ऊस असणाऱ्या त्या मुलाला ठाऊक होते की, साध्या नळीला सारखी भोके पाडली तर सुरुवातीच्या भोकांतून पाणी जास्त जाते आणि शेवटच्या भोकांपर्यंत कमी पोहोचते. म्हणून त्याने पाइपला खाली विरळ आणि वर दाट भोके दाखवली होती. आमच्या आजच्या कुकरचा गाभा या एका पत्र्यावर तयार झाला, आणि तो नेमका कोणाचा, हे सांगणे अशक्य आहे.

अर्थात सगळेच पत्रे असे नव्हते. जमलेल्या कल्पनांचे करायचे काय, हा प्रश्न तितकाच अवघड असतो. इथे आम्हाला जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची पद्धत उपयोगी पडली. नेपाळमधील क्षेत्रकार्यात गोळा केलेल्या असंख्य टिपणांची संगती लावण्यासाठी त्यांनी प्रत्येक नोंद वेगळ्या चिठ्ठीवर घेऊन, चिठ्ठ्या पसरून, एकमेकींशी नाते असलेल्या शेजारी ठेवत जायचे आणि गटाला नाव मागाहून द्यायचे, अशी रीत बसवली होती. आम्ही पत्रे शेडच्या फरशीवर मांडले आणि न बोलता सरकवले. “वाफेची वाट”, “भरणे आणि ओतणे”, “जळण” आणि “माणसाला लागणारी इजा” असे चार ढीग झाले. चौथा ढीग होईल, अशी माझी कल्पनाही नव्हती. त्या विषयावर मी प्रश्नच विचारला नव्हता.

निवड करताना आम्ही तीनच गोष्टी पाहतो: माणसाच्या जिवाला धोका आहे का, पंधरा दिवसांत आणि दोन हजार रुपयांच्या आत चाचणी होईल का, आणि ती चाचणी करण्याची जबाबदारी कोण घेतो. पहिल्या कसोटीवर अपयशी ठरलेली कल्पना तिथेच थांबते. झाकणाला रबराची पट्टी लावून ते घट्ट आवळावे, म्हणजे वाफ वाया जाणार नाही, ही सूचना त्या वेळी सर्वांना आवडली होती. परंतु आमचा ड्रम दाब सहन करण्यासाठी बनवलेला नाही, त्याचे झाकण नुसते टेकलेले असते आणि तसेच असले पाहिजे, हे समजावून सांगून आम्ही ती बाद केली. सुचवण्याच्या वेळी टीका नको, हे मान्य. पण निवडीच्या वेळी ती स्पष्ट शब्दांत व्हायलाच हवी.

चाचणीचा भाग मला सर्वांत जास्त आवडतो. हे सारे पावसाळ्यात चालले होते आणि हळदीची काढणी तर जानेवारीनंतर. ओली हळद आणायची कुठून? एका तरुण वेल्डरने बटाटे सुचवले. बाजारातून बारीक गोटी बटाटे आणले, कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत भरले, पिशव्यांना तीन रंगांची सुतळी बांधली आणि नव्या पत्र्याच्या अर्ध्या ड्रममध्ये तळाला, मध्ये आणि वर ठेवल्या. हळद शिजली की नाही, हे शेतकरी काडी टोचून पाहतात. आम्हीही दर पाच मिनिटांनी प्रत्येक थरातील बटाट्याला खराट्याची काडी टोचून वहीत नोंद केली. पहिली चाचणी मुद्दाम जुन्याच रचनेवर घेतली. तळचे बटाटे फुटले आणि वरचे कडक राहिले, तेव्हा आम्हाला आनंद झाला, कारण शेतकऱ्याच्या पिशवीतला दोष आता आमच्या शेडमध्ये हवा तेव्हा दाखवता येत होता. मधला पाइप घातल्यावर दुसऱ्या चाचणीत वरचा थर आधी शिजला आणि मधला मागे राहिला, म्हणजे वर भोके प्रमाणाबाहेर झाली होती. ती बुजवून अंतर बदलले. चौथ्या चाचणीत तिन्ही थरांत काडी जवळजवळ एकाच वेळी गेली. बटाट्याला लागणारा वेळ हळदीला लागू होत नाही, हे आम्हाला ठाऊक होते. म्हणून आम्ही किती मिनिटे लागली हे न पाहता थराथरांतला फरक तेवढा पाहिला. प्रत्यक्ष हळदीवरची परीक्षा फेब्रुवारीत एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात झाली. कुकर परत करणारे ते गृहस्थ माझ्या विनंतीवरून ती पाहायला आले होते.

विक्रीला जाण्याआधी आम्ही आणखी एक बैठक घेतो. गॅरी क्लाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या पद्धतीत काम सुरू होण्यापूर्वीच ते फसले आहे असे गृहीत धरून त्याची कारणे लिहायची असतात. “काही अडचण येईल का?” असे विचारले की माणसे भिडेने “नाही” म्हणतात, “समजा, भर हंगामात कुकर रानात बंद पडला आहे, का पडला ते सांगा” असे विचारले की मात्र सगळे खरे बोलू लागतात. या बैठकीला आम्ही हळद शिजवण्याच्या कामावर जाणाऱ्या तीन बायकांना त्यांची दिवसाची मजुरी देऊन बोलावले. त्यांच्यातील एक मावशी म्हणाल्या, “झाकण उघडलं की वाफ थेट तोंडावर येती, म्हणून आम्ही ते काठीनं लांबून ढकलतो. झाकण खाली पडून वाकडं हुतंय, मग बसत न्हाई.” आमचे झाकण वाकते, ही तक्रार आम्ही तीन वर्षे जाड पत्रा वापरून सोडवत होतो. कारण वाफेत होते! आता झाकणाला अलीकडच्या, म्हणजे उघडणाऱ्या माणसाच्या, बाजूला बिजागरी आणि लांब दांडा असतो, आणि ते उघडताना वाफ माणसापासून दूर जाते. त्याच बैठकीत हळदीच्या मातीने पाइपची भोके बुजतील, हे निघाले, म्हणून पाइप आट्यांवर काढता येण्याजोगा केला. टाकीतले पाणी संपलेले कळणार नाही, हेही निघाले. काचेची नळी रानात टिकत नाही, म्हणून फिटर मामांनी टाकीला ठरावीक उंचीवर एक साधी तोटी बसवली. ती उघडल्यावर पाणी न येता वाफ आली, की टाकी भरायची वेळ झाली.

सगळ्याच पद्धती आम्हाला मानवल्या असे नाही. एडवर्ड डी बोनो यांची सहा टोप्यांची पद्धत, ज्यात सर्वांनी एका वेळी एकाच दृष्टीने विचार करायचा असतो, आम्ही दोनदा वापरून पाहिली. मोठ्या कार्यालयांत ती उपयोगी असेलही. आमच्याकडे कोणती टोपी चालू आहे हे लक्षात ठेवण्यातच लोकांचे लक्ष जाई, म्हणून ती आम्ही सोडून दिली.

बक्षिसाबाबतही आम्हाला निर्णय बदलावा लागला. पहिल्या वर्षी उत्तम कल्पनेला रोख रक्कम ठेवली आणि लगेच “ही मूळची माझी” असा वाद दोन चांगल्या मित्रांत झाला. पत्रा हातोहात फिरतो, तेव्हा कल्पनेला एकच मालक असू शकत नाही. आता चाचणी पार झालेल्या प्रत्येक सुधारणेमागे ठरावीक रक्कम एका खात्यात जमा होते आणि दिवाळीला ती चौदा जणांत सारखी वाटली जाते. वहीत मात्र चाचणी कोणी केली, त्याचे नाव लिहिलेले असते, फसलेल्या चाचणीपुढेही. नव्याने कामाला लागणाऱ्या मुलाला मी पहिल्या आठवड्यात ही वही वाचायला देतो.

सध्या फरशीवर मांडलेल्या पत्र्यांत पॉलिश ड्रमच्या धुळीचा प्रश्न आहे. हळकुंडे जाळीवर घासली जाताना उडणारी पिवळी भुकटी काम करणाऱ्यांच्या नाकातोंडात जाते, आणि तोंडाला फडके बांधणे हा त्यावरचा उपाय आम्हाला पुरेसा वाटत नाही. श्रावणात झालेल्या बैठकीतून अकरा पत्रे निघाले. त्यांतील दोन चाचणीसाठी निवडले असून एकात ड्रमभोवती ताडपत्रीचे आवरण आणि खाली भुकटी गोळा करणारी पेटी आहे, तर दुसऱ्यात जुन्या धान्य उफणणी यंत्राचा पंखा उलटा बसवलेला आहे. आमच्याच गोदामात गेल्या हंगामाची दोन पोती हळकुंडे राखून ठेवलेली आहेत, त्यामुळे या वेळी बटाट्यांची गरज पडणार नाही. पंख्याची चाचणी येत्या शनिवारी आहे आणि त्या मावशींनाही बोलावले आहे.