क्वेटिको अपडेट: आरएबीसी बाद, मोन्युमेंट पोर्टेज बाद, आता सी गलवरून

प्लॅन ए गेला. अमेरिकेतल्या मूस लेकवरून कनूनं (वल्ह्याची लांबट होडी) निघून प्रेअरी पोर्टेजला (पोर्टेज म्हणजे दोन तलावांमधली, कनू खांद्यावर घेऊन चालायची वाट) पाण्यातूनच कॅनडात शिरायचं, बासवुड तलाव ओलांडून क्वेटिकोत, म्हणजे कॅनडातल्या तलावांच्या पार्कात, फिरायचं आणि त्याच वाटेनं परत, हे मागच्या तक्त्यातलं सगळं भारतीय पासपोर्टवर जमत नाही. रिमोट एरिया बॉर्डर क्रॉसिंग परमिट, म्हणजे आपलं आरएबीसी, फक्त अमेरिका आणि कॅनडाच्या नागरिकांसाठी नि कायम रहिवाशांसाठी आहे. बेळगावातल्या एका ट्रॅव्हल एजंटानं 'दोन्ही व्हिसे असले की झालं' असं छातीठोकपणे सांगितलं होतं. विमानतळापुरतं ते खरंही आहे. पण व्हिसा म्हणजे अधिकाऱ्यासमोर उभं राहायची परवानगी, आणि प्रेअरी पोर्टेजला शिक्का मारणारा अधिकारी नसतो. तिथला रेंजर क्वेटिको पार्कचा. तो पार्कचं परमिट बघतो, पासपोर्टशी त्याला देणंघेणं नाही. बाचीहून शिनोळीला गेल्यासारखी ही हद्द ओलांडता येत नाही.

मग १८४२ च्या वेबस्टर-अ‍ॅशबर्टन कराराचा आधार घेऊन बघितला. लेक सुपीरियर ते लेक ऑफ द वुड्सपर्यंत हद्दीवरचे जलमार्ग आणि नेहमीचे पोर्टेज मोकळे राहतील, असं त्याच्या दुसऱ्या कलमात आहे. कलम वाचून आनंद झाला, पण शेपूट वाचलं आणि तो ओसरला: मोकळे, पण दोन्ही देशांच्या नागरिकांना आणि प्रजाजनांना. आपण दोन्हींत बसत नाही.

कामाची गोष्ट सापडली ती वेगळीच. कॅनडानं २०१७ मध्ये कस्टम्स आणि इमिग्रेशन कायद्यांत दुरुस्ती केली. बाहेरून येऊन कॅनडाच्या पाण्यातून न थांबता जाऊन परत बाहेर पडणारी नाव किनाऱ्याला लागली नाही, तिनं नांगर टाकला नाही, ती कुठं बांधली नाही आणि दुसऱ्या नावेला भिडली नाही, तर हजेरी लावावी लागत नाही. म्हणजे तलावाच्या मधोमध गेलेली रेषा वल्ह्यानं ओलांडता येते, फक्त उत्तरेच्या किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही. चहासाठी नाही, वारा सुटला म्हणूनही नाही. त्यामुळे हद्दीवरच्या तलावात नेहमी दक्षिण किनारा धरून जायचं, आणि उत्तरेकडे ढकलणारा वारा असेल तर रेषेच्या जवळ फिरकायचंच नाही.

मग हद्दीवरचा कुठला तलाव? पहिला विचार मूस लेक ते सॅगनागा असा सरळ बॉर्डर रूट करायचा होता. दोन गोष्टी आडव्या आल्या. एक, या वाटेवर पोर्टेज कधी या काठावर, कधी त्या काठावर, आणि प्रत्येक पाऊलवाट कुठल्या देशात पडते हे मॅकेन्झीच्या नकाशावर भिंग लावून बघावं लागतं. (मॅकेन्झी म्हणजे एका मैलाला दोन इंच. फिशरचे दीड इंचाचे. फिशर खिशात ठेवायला बरे, पण या कामाला मॅकेन्झीच.) दुसरं म्हणजे मोन्युमेंट पोर्टेज. ऑटरट्रॅक आणि स्वॅम्प लेकमधली ८० रॉडची वाट, म्हणजे साधारण ४०० मीटर, आणि वाटेलगत हद्दीचे धातूचे खांब उभे. फोटोला झकास. पण तिथं आपण पाण्यावर नसतो, जमिनीवर असतो. खांबाला हात लावायचा मोह सगळ्यांनाच आहे, तो दोन व्हिसे पणाला लावण्याइतका नाही. मोन्युमेंट बाद.

हे दोन परिच्छेद लिहिता लिहिताच नकाशा पुन्हा उघडला आणि सुटका दक्षिणेकडून दिसली. मूस लेक सोडायचं. गनफ्लिंट ट्रेलच्या शेवटाला सी गल लेक, एंट्री पॉइंट ५४. तिथून अल्पाइन, जॅस्पर, किंगफिशर, ओगिश्केमन्सी, मग अ‍ॅनी, जेनी, एडी आणि नाइफ लेकचा साऊथ आर्म. साऊथ आर्म अख्खा अमेरिकेत. त्याच्या तोंडाशी थंडर पॉइंट, आणि त्याच्यापुढच्या पाण्यात हद्द. एकही पोर्टेज सीमेवर नाही, मुक्काम सगळे अमेरिकेच्या काठावर, आणि परत त्याच वाटेनं. गाडी सी गललाच उभी राहते, त्यामुळे गाडीपर्यंत परत आणणारी ईली गावाची शटल आणि तिचा खर्च दोन्ही वाचले. एकेरी प्रवासापेक्षा तीच वाट दोनदा बघायला लागते खरी, पण उलट्या दिशेनं तलाव ओळखू येत नाहीत हे हिडकलच्या बॅकवॉटरवर वल्हवणाऱ्यांना सांगायला नको.

कॅनडा रस्त्यानं. सी गलवरून ग्रँड मरे, तिथून हायवे ६१ नं पिजन रिव्हरचं ठाणं, तिथं रीतसर शिक्का, मग थंडर बे आणि पुढं अ‍ॅटिकोकन. क्वेटिकोत उत्तरेकडून फ्रेंच लेकनं शिरायचं: पिकरेल, पाइन पोर्टेज, डोरे, दे रिव्हिएर, स्टर्जन. भाड्याची गाडी घेताना करारात 'कॅनडात नेण्यास परवानगी' लिहून घ्यायचं. तोंडी चालत नाही. कनू मात्र हद्दीपलीकडे न्यायची नाही, गनफ्लिंटची गनफ्लिंटला परत करून अ‍ॅटिकोकनला दुसरी घ्यायची. अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीच हवा, कारण परतीचं विमान मिनियापोलिसवरून आहे.

परमिटांचं वेळापत्रक जुळवणं ही डोकेदुखीच. बाउंडरी वॉटर्सचा (अमेरिकेच्या बाजूचं तलावांचं राखीव रान) कोटा १ मे ते ३० सप्टेंबर, आणि बुकिंग जानेवारीच्या शेवटी एकदम उघडतं. क्वेटिकोचं पाच महिने आधी. म्हणजे पहिलं हातात घेऊन दुसऱ्याची वाट बघत बसायचं. जून-जुलै डासांचा आणि ब्लॅकफ्लायचा, तेव्हा ऑगस्टची अखेर बरी. मग गणपती आडवे येतात! आगमनाची तारीख बघूनच अर्ज भरायचा, नाहीतर मंडळातले दोघे गळतील. परमिटवर गटप्रमुखाचं आणि पर्यायी प्रमुखाचं नाव घालायचं. ते उचलायला त्यांच्यापैकीच कोणीतरी लागतो, ओळखपत्रासकट.

नव्या वाटेनं एक जुना निर्णय उलटवला. मागं खाण्याच्या सामानासाठी ६० लिटरचं निळं पिंप ठरलं होतं, पण साधं निळं पिंप अस्वलरोधक म्हणून प्रमाणित नसतं, ते झाडाला टांगावंच लागतं. आणि सी गल-अल्पाइन-ओगिश हा भाग २००६ च्या कॅव्हिटी लेक आगीत होरपळलेला. तिथं कोवळे जॅक पाइन भरपूर, पण पिंप पेलणारी आडवी फांदी मिळवायची म्हणजे संध्याकाळ गेली. म्हणून कडक प्लास्टिकचे बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला न उघडणारे डबे. साडेअकरा लिटरचा एक डबा एका माणसाला सात दिवस पुरतो, चौघांना पाच दिवस म्हणजे वीस माणूस-दिवस, तीन डबे. कडक भाकरी या हिशोबात बसत नाही, जागा खाते आणि चुरा होतो. ज्वारीचं पीठ न्यायचं. शेंगाचटणी उत्तम: उष्मांक जास्त, जागा कमी, थंडीत टिकते. तांदूळ आणि हरभरे भारतातून सामानात नेले तर अमेरिकेच्या विमानतळावर काढून घेतात, खाप्रा किडीमुळे. ते तिथंच घ्यायचे. कुंदा घरीच खाऊन निघा, दुधाच्या पदार्थांचंही तेच. खाण्यापिण्याचे टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्यांना बाउंडरी वॉटर्समध्ये बंदी आहे, गॅसच्या कार्ट्रिजला नाही.

आता योक, म्हणजे कनू खांद्यावर पेलायची मधली आडवी पट्टी. क्रमांक दोन चालला. भाड्यानं ठरवलेली कनू, मिनेसोटा टू, ही साडेअठरा फुटांची, केव्हलारची, ४२ पौंड, म्हणजे १९ किलो. सरावासाठी साडेअठरा फुटांचे दोन कळक, मध्ये ३६ इंचांचं अंतर, टोकांना आडव्या पट्ट्या, मध्यावर सागवानी योक आणि वाळूच्या पिशव्या बांधून एकूण १९ किलो. लांबी पुरी हवीच, कारण वळणावर अडकते ती लांबी. वजन समतोल ठेवलं तर पुढचं टोक खाली येतं आणि वाट दिसत नाही. योक समतोल बिंदूच्या इंच-सव्वा इंच पुढं सरकवला, मागचं टोक किंचित जड झालं, पुढचं उचललं, आणि येळ्ळूर गडाच्या पायवाटेवर दोन्ही हात सोडून चालता आलं. हे सुख ज्यानं एकदा खांदे सोलून घेतलेत त्यालाच कळेल.

पॅडचं अजून भिजत घोंगडं. रिक्षाच्या सीटचा फोम पाचशे मीटरमध्ये लाकडापर्यंत दबतो, आणि सी गल-अल्पाइन पोर्टेजच शंभरेक रॉडचं आहे, वर सामानासाठी दुसरी खेप म्हणजे तेच अंतर तीनदा. योगा मॅटची घट्ट गुंडाळी, वरून रेक्झिन, दोन पॅडमध्ये मानेला साडेसात इंच, हा पुढचा प्रयोग. खडे बाजारात रेक्झिन बघायचं तर जाड नको, घामानं सरकतं. आतून कापड असलेलं घ्या आणि उलटं लावा.