पन्हळ तीच, गोष्ट नवी: ऑरलँडोतील टियानाच्या राईडचा वृत्तांत

२०११ साली कामानिमित्त फ्लोरिडाला गेलो असताना डिस्नेच्या मॅजिक किंगडम उद्यानातील स्प्लॅश माउंटन या पाण्यावरच्या राईडमध्ये मी लागोपाठ दोनदा बसलो होतो. मे २०२५ मध्ये आई, पत्नी आणि दहा वर्षांच्या मुलीला घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा त्याच डोंगरात, त्याच पाण्यावर, ओंडक्यासारख्या त्याच होडीत आम्ही बसलो. पण आतली सगळी गोष्ट बदललेली होती. गोव्यातील बोरी गावच्या आमच्या वाड्यावर शिगम्याचा चित्ररथ बांधण्यात माझी तरुणपणाची कितीतरी वर्षे गेली आहेत. जुना सांगाडा ठेवून त्यावर नवा प्रसंग उभा करताना काय जमते आणि काय निसटते हे थोडेफार ठाऊक असल्यामुळे हा बदल पाहण्याची मला फार उत्सुकता होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्प्लॅश माउंटनची कल्पना डिस्नेचे रचनाकार टोनी बॅक्स्टर यांना १९८३ मध्ये सुचली. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये राईड १९८९ साली उघडली आणि १९९२ मध्ये ती फ्लोरिडा व टोकियो येथेही आली. कॅलिफोर्नियात १९८८ साली बंद पडलेल्या एका संगीत-खेळातील कितीतरी हलत्या प्राण्यांना या डोंगरात पुन्हा जागा देण्यात आली होती. म्हणजे जुन्यातून नवे घडवणे हे तिच्या जन्मापासूनच चालत आले आहे. तिची कथा मात्र १९४६ च्या एका चित्रपटावर आधारलेली होती. गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळातील मळ्यांवरचे कृष्णवर्णीयांचे जीवन त्यात खोटे गोडवे गाऊन रंगवले आहे, या आक्षेपामुळे तो चित्रपट अमेरिकेत घरगुती पाहण्यासाठी कधीच विक्रीला आला नाही. जून २०२० मध्ये बदलाची घोषणा झाली, फ्लोरिडातील राईड जानेवारी २०२३ मध्ये थांबली आणि २८ जून २०२४ रोजी ‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’ या नावाने पुन्हा सुरू झाली. कॅलिफोर्नियातील नवी राईड त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उघडली. टोकियोत जुनी राईड अजून चालते. ज्या कथेने कुणाच्या पूर्वजांच्या दुःखावर पांघरूण घातले तिला निरोप देणे योग्यच होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवी गोष्ट ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या २००९ च्या चित्रपटातील टियानाची, १९२० च्या दशकातील न्यू ऑर्लिन्सची आहे. टियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या; पण राईडमध्ये ती भेटते ती खाद्यपदार्थांची सहकारी संस्था चालवणारी बाई म्हणून. मार्डी ग्राच्या मेजवानीसाठी वादक कमी पडले आहेत आणि ते दलदलीत शोधायचे आहेत, एवढेच कथानक आहे. मार्डी ग्रा म्हणजे काय, हे गोव्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पणजीत किंग मोमो शनिवारी निघतो आणि आपला कार्निव्हल ज्या मंगळवारी संपतो, तोच हा मंगळवार.

मला सर्वांत आवडले ते डोंगराला दिलेले कारण. न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानाची दलदल सपाट आहे. तिथे डोंगर कुठून आला? रचनाकारांनी उत्तर दिले की हा मिठाचा घुमट आहे. लुइझियानात जमिनीखालचे मीठ वर रेटले गेल्याने असे उंचवटे खरोखरच झालेले आहेत. तोच घुमट टियानाच्या संस्थेने विकत घेतला आहे, असे कथेत सांगितले आहे. माथ्यावर पूर्वी झाडाचे खोड होते, तिथे आता तिच्या मुकुटाची पाण्याची टाकी दिसते. रांग त्या संस्थेच्या इमारतीतून जाते, रेडिओ वाजत असतो आणि तळलेल्या गोड बेन्येचा वास येतो. ही रांग घाईने ओलांडू नका, कारण कथेचा निम्मा भाग तिथेच सांगून होतो.

आत सुरुवातीलाच टियाना आणि तुतारी वाजवणारा मगरीच्या जातीचा लुई भेटतात. त्याला पाहताच आई उद्गारली, “अगो, हो तर आपलो मानगे!” (अगं, ही तर आपली मगर!) पौष अमावास्येला खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधावर चिखलाची मगर थापून पुजणाऱ्या गावची ती, तिला ही दलदल परकी वाटलीच नाही. पुढे प्राणी निसर्गातल्या वस्तूंपासून केलेली वाद्ये वाजवतात आणि त्यांचे ओठ, बोटे, खांदे सुरात हलतात. आमच्या चित्ररथात गाडीच्या वायपरच्या मोटरवर राक्षसाची मान फिरवण्यात आम्ही धन्यता मानत असू, त्यामुळे ते काम पाहून मी खरोखर नतमस्तक झालो. मग चित्रपटातली जादू जाणणारी म्हातारी मामा ओडी आपल्याला बेडकाएवढे लहान करते आणि सभोवतालचे गवत झाडांसारखे उंच होते.

उणे वाटले ते शेवटच्या उतारावर. सुमारे पन्नास फुटांची ती उडी तशीच आहे. पण पूर्वी चढावर गिधाडे धमकावत, जुन्या कथेतल्या सशाच्या जिवाचे काय होणार ही धाकधूक असे आणि म्हणून कोसळण्याला अर्थ येई. आता मामा ओडी पुन्हा मोठे करण्यासाठी आपल्याला प्रेमाने खाली सोडते. दशावतारी नाटकात संकासुर राक्षस आल्याशिवाय मत्स्यावताराला रंग चढत नाही. इथे संकासुरच नाही. त्यानंतरची मेजवानी मात्र जुन्या शेवटापेक्षा कितीतरी भरगच्च आहे आणि पी. जे. मॉर्टन यांनी तिच्यासाठी रचलेले गाणे मुलगी अजून गुणगुणते.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी सांगतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला तारीख मिळायला फार वेळ लागू शकतो, म्हणून ती मिळाल्यावरच तिकिटे काढावीत. उंचीची अट १०२ सेंटीमीटर आहे; मूल लहान असेल तर आई-वडिलांनी आळीपाळीने बसण्याची ‘रायडर स्विच’ सोय प्रवेशापाशीच मागून घ्यावी, म्हणजे दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. पैसे भरून मिळणारी ‘लाइटनिंग लेन’ ही जलद रांग उद्यानाच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी आणि इतरांना तीन दिवस आधी घेता येते. कुटुंब मोठे असेल तर ती घ्यावी. सकाळी उद्यान उघडताच थेट ही राईड असलेला फ्रंटियरलँड हा भाग गाठावा. उन्हाळ्यात तिथे दुपारी विजांसह पाऊस येतो आणि उघड्यावरच्या राईड त्या वेळी थांबवतात, त्यामुळे ही राईड दुपारवर ढकलू नये. पुढच्या ओळीत बसणारा सर्वाधिक भिजतो. फोन आणि पासपोर्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावेत. पाठीचा, मानेचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी बसू नये. त्यांना होड्या कोसळताना बाहेरून छान दिसतात. राईडसमोर उद्यानातली एक कृत्रिम नदी आणि तिच्यातील बेट आम्ही पाहिले होते; ते दोन्ही जुलै २०२५ मध्ये कायमचे बंद झाले, तेव्हा आता जाणाऱ्यांनी त्या जागी बांधकाम दिसेल असे धरून चालावे.

टियानाचा चित्रपट मात्र घरीच, निघण्यापूर्वी, मुलांसोबत पाहून जा. आईने तो पाहिला नव्हता, म्हणून मामा ओडी कोण आणि आपण लहान का झालो हे मला भर अंधारात, पाण्याच्या आवाजात तिला ओरडून सांगावे लागले.