कुकडीच्या उगमाशी आणे पठारावरची पोरं

शाळांच्या सहली वॉटरपार्कला जातात, याचा मला मनापासून राग येतो. नववीच्या पोरांना प्रेअरीची गवताळ मैदानं पाठ, पण आपल्याच जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला भातखाचरं आहेत, हे तालुक्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या आणे पठारावरच्या कित्येकांनी पाहिलेलं नसतं. म्हणून यंदा श्रावणात सहल तालुक्याबाहेर नेलीच नाही.

नाणेघाटात रविवारी जाऊ नका. वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघायला आलेल्यांच्या गाड्यांत गाणी एवढी मोठ्याने लावलेली, की सातवाहनांच्या नागनिका राणीचा शिलालेख आणि जकातीचा दगडी रांजण यांबद्दल सांगितलेलं मागच्या पोरांना ऐकूच गेलं नाही. घाटघरच्या एका आजींनी मात्र सगळ्यांना तांदळाची भाकरी आणि पिठलं वाढलं आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

खरी सहल झाली ती पूर गावात, कुकडेश्वराच्या देवळाजवळ. इथे कुकडी उगम पावते. पुढे घोड, भीमा, कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागरात. कड्यापलीकडे पडलेला पाऊस मात्र कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. हे सांगत होतो, तेवढ्यात एका पोराने विचारलं, "सर, एवढं पाणी आहे तर आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर का येतो?"

पुस्तकात या प्रश्नाचा धडा नाही. काठीने चिखलातच रेघ ओढली: सह्याद्री, माणिकडोह धरण, कालवे आणि मग आणे घाटाचा चढ. कुकडी प्रकल्पाचं पाणी श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पोहोचतं, कारण तिकडे उतार आहे. पठार कालव्याच्या वर राहतं.

"आणि ढग इथंच रिकामे होत्यात," एक मुलगी म्हणाली. पर्जन्यछायेची इतकी नेमकी व्याख्या मी वर्गात कधी केली नव्हती.

"मग मोटारीनं चढवायचं पाणी," तो पोरगा अडून बसला.

शाळेत परतल्यावर पुढच्या तासाला समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशाच टेबलावर पसरला. एरवी त्या रेषा बघून जांभया देणारी पोरं घाटाची उंची मोजायला एकमेकांना ढकलत होती. पाणी किती मीटर उचलावं लागेल ते निघालं. आता वाद पेटलाय, तो वीजबिल कोणी भरायचं यावर.