एफआरपीचा जिनिव्हातला हिशेब

2018-19 च्या हंगामाची ऊसबिलाची पावती मी अजून जपून ठेवलीय. शेतात 86032 जातीचा आडसाली ऊस होता. जानेवारीत ऊसतोडीची टोळी आली. वाढं बांधता बांधता मुकादम म्हणाला, "दादा, वजन चांगलं पडणार," आणि पडलंही. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची, असा कायदा आहे. आमच्या कारखान्यानं पहिली उचल टनाला 2300 रुपये दिली, उरलेले पैसे पेरण्या झाल्यावर आले. तोवर सोसायटीचं व्याज चढतच होतं.

त्याच हंगामाचा हिशेब जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेतही झाला. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं 2019 मध्ये उसाला दिलेला आधार आणि साखरेचं निर्यात अनुदान यांबद्दल भारताविरुद्ध तक्रार नेली. डिसेंबर 2021 मध्ये निवाडा आला: 2014-15 ते 2018-19 या पाचही हंगामांत भारतानं ऊस उत्पादकांना एकूण ऊस उत्पादनाच्या किमतीच्या 10 टक्के या मर्यादेबाहेर आधार दिला.

हा आधार मोजतात कसा, ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. एफआरपीतून 1986 ते 88 चा संदर्भभाव, म्हणजे तुलनेसाठी कायमचा धरलेला त्या वर्षांचा बाहेरचा भाव, वजा करायचा आणि उरेल त्याला उसाच्या टनांनी गुणायचं. 1986 साली आमच्या विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं. तेव्हाचं खत, तेव्हाची मजुरी, तेव्हाचं डिझेल आज कुठे आहे? भारतानं सांगितलं की हे पैसे सरकार देत नाही, कारखाने देतात. निवाड्यात म्हटलं, सरकारनं भाव ठरवला एवढं पुरेसं आहे. माझ्या पावतीवर सोसायटीच्या कपातीचा रकाना आहे, सरकारकडून आलेल्या पैशाचा एकही नाही.

निर्यात अनुदानाबद्दल मात्र त्या देशांची तक्रार मला खरी वाटते. सरकारी मदतीवर आपली साखर बाहेर गेली की जगाचा भाव पडतो, आणि ग्वाटेमालातला ऊसवालाही शेतकरीच आहे.

साखरेच्या वाटाघाटींत आपण पूर्वीही पोळलोय. 1937 च्या लंडन करारानं हिंदुस्थानला ब्रह्मदेश सोडून कुठेही समुद्रमार्गे साखर पाठवायला बंदी होती. तेव्हा आपल्या वतीनं बोलणारं सरकार इंग्रजांचं होतं. आता आपलं आहे. जानेवारी 2022 मध्ये भारतानं अपील केलं, पण अमेरिकेनं नेमणुका अडवल्यामुळे संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर 2019 पासूनच बंद पडलेलं. ते सुरू होईल तेव्हा होईल. तोवर ज्या ज्या बैठकीला आपले मंत्री बसतील, तिथे त्यांनी आधी हा 1986-88 चा भाव बदलून मागावा.